आभाळ शाळेच्या अंगणात उतरावे

(संस्थेच्या वर्धापनदिनानिमित्त अजिंठा येथे सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांचे पत्र आम्हाला मिळाले तेव्हा त्यात विषय दिला होता, 'शालेय शिक्षणात अवकाश विज्ञान'. पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. संस्थेने येथील मुलांसाठी एक मोठी दुर्बीण घेण्याचे योजिले आहे, देणग्या जमू लागल्या आहेत, तरी त्याबद्दलही दोन शब्द बोलावेत. आम्ही आयुष्यभर याच भागातील शाळांत विज्ञान शिकविले. त्यामुळे दुर्बिणीचे नाव ऐकून आम्हाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाच, पण थोडी काळजीही वाटली. ती का वाटली, हे भाषणाच्या शेवटी मोकळेपणाने सांगू. आधी विषयाकडे वळू.

अजिंठ्याला बोलावयाचे म्हणजे लेण्यांपासून सुरुवात करणे भाग आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी सतरा क्रमांकाचे लेणे पाहिले असेल. त्याच्या ओसरीत डाव्या बाजूच्या भिंतीवर एका मोठ्या चाकाचे चित्र आहे. आता त्याचा बराच भाग गळून गेला आहे, परंतु चाकाचे कप्पे आणि त्यांतील माणसे अजून ओळखू येतात. १८१९ साली इंग्रज शिकाऱ्यांच्या नजरेस ही लेणी पडली आणि त्यानंतर युरोपीय प्रवासी येऊ लागले. त्यांनी हे चाक पाहिले आणि त्यांना वाटले की हे राशिचक्र आहे. मेष, वृषभ, मिथुन! त्यावरून या लेण्याला इंग्रजीत 'राशिचक्राचे लेणे' असे नावच पडून गेले. पुढे अभ्यासकांनी नीट पाहिले, ग्रंथांशी ताडून पाहिले, तेव्हा कळले की हे राशिचक्र नव्हे, भवचक्र आहे. एका गोष्टीमुळे दुसरी घडते, दुसरीमुळे तिसरी घडते, ही कारणांची साखळी चित्रकाराने तेथे काढली होती.

मित्रहो, ही गोष्ट आम्ही का सांगितली? चित्र होते कार्यकारणभावाचे. पाहणाऱ्यांनी त्यात वाचले भविष्य. आणि आज आपल्या घरात काय चालते? मुलगा सकाळी वर्तमानपत्र उघडतो, तेव्हा आभाळाची माहिती त्याला पहिल्यांदा कोठे मिळते? राशिभविष्याच्या रकान्यात! शनी, मंगळ, राहू ही नावे त्याने विज्ञानाच्या पुस्तकात वाचण्याआधी तेथे वाचलेली असतात. शाळेत अवकाश विज्ञान आणावयाचे म्हणजे भिंतीवर अग्निबाणाचे चित्र चिकटवणे नव्हे. आभाळाकडे पाहून "हे कशामुळे होते?" आणि "हे कशावरून?" असे दोन प्रश्न मुलाने विचारावेत, एवढेच त्याचे सार आहे.

येथे आम्ही स्वतःच्या घरातली एक गोष्ट कबूल करतो. १६ फेब्रुवारी १९८० रोजी मोठे सूर्यग्रहण होते. दक्षिणेकडे कर्नाटकातून, आंध्रातून ते खग्रास दिसले, आपल्याकडे खंडग्रास होते. आम्ही तेव्हा सातवीत होतो. त्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा सुटताना गुरुजींनी बजावले, "दुपारी कोणी बाहेर पडायचे नाही. पाहाल तर आंधळे व्हाल." उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे धोक्याचे आहे, हे तर खरेच. परंतु डोळ्यांना धोका न होता ग्रहण कसे पाहावे, हे कोणी सांगितले नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नव्हते.

आमचे वडील १९५६ नंतर धम्माच्या मार्गाला लागलेले. घरातले देव्हारे गेले होते, उपासतापास, नवससायास गेले होते. पण त्या दुपारी आमच्या घराचे दार आतून बंद होते. ग्रहण सुटल्यावर माठातले पाणी ओतून दिले गेले. शेजारची एक वहिनी गरोदर होती. तिला विळीला, सुईला हात लावू दिला नाही, कूस बदलू दिली नाही. ती तासन् तास भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आम्ही आईला विचारले, "का?" आई म्हणाली, "सगळेच करतात." आमच्या वडिलांनी देव सोडला, पण आभाळाची भीती सोडता आली नाही. त्यांचा दोष नव्हता. त्या भीतीच्या जागी ठेवायला दुसरे काही त्यांच्या हातात कोणी दिले नव्हते. भीती नुसती काढून टाकता येत नाही. तिच्या जागी समज ठेवावी लागते, आणि ती शाळेने ठेवावयाची असते.

आता ज्यांनी हे काम केले त्यांच्याकडे वळू.

१९७४ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. त्याचे पहिले संचालक डॉ. व्ही. जी. कुलकर्णी हे पदार्थविज्ञानाचे संशोधक. अणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेने शाळेचा विचार करावा, हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती. केंद्राची सुरुवात झाली ती नाना चौकातील महापालिकेच्या एका शाळेच्या इमारतीत. आणि त्यांचे सुरुवातीचे एक मोठे काम कोठे झाले? आपल्या शेजारी! हा अजिंठ्याचा घाट उतरावा, पहूर, जामनेर, भुसावळ करीत तापी ओलांडावी, म्हणजे रावेर तालुक्यात खिरोदा हे गाव येते. सत्तरीच्या दशकात या शास्त्रज्ञांनी खिरोदा परिसरातील शाळांत जाऊन शिक्षकांबरोबर काम केले. गावात मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून प्रयोग कसे करावेत, मुलाला प्रश्न कसा विचारू द्यावा, हे त्यांनी शिक्षकांबरोबर बसून ठरविले.

पुढे, १९८० नंतरच्या वर्षांत, या केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी एक कार्यक्रम हाती घेतला. डॉ. कुलकर्णी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. "ही मुले विज्ञान-गणितात मागे का?" असा प्रश्न होता. त्या काळी अनेकजण बिनदिक्कत म्हणत की त्यांच्यात ते नसतेच. शास्त्रज्ञांनी हे गृहीत धरले नाही. त्यांनी मुलांची अडचण कोठे आहे ते शोधले, त्या जागी मदत दिली, आणि तीच मुले शालान्त परीक्षेत स्पष्टपणे पुढे गेलेली दिसली. बांधवांनो, अशा संस्थेच्या मेळाव्यात ही गोष्ट दरवर्षी सांगितली गेली पाहिजे. ज्यांना 'नाही जमत' म्हणून बाकावर मागे बसविले होते, त्यांच्याबद्दलचा तो समज प्रयोगाने खोटा ठरविला गेला.

मग अडचण होती तरी काय? अनेक होत्या, पण एक मोठी अडचण भाषेची होती. डॉ. कुलकर्णी आणि श्री. गंभीर यांनी याचा वेगळा अभ्यास केला. पाठ्यपुस्तकातला विज्ञानाचा मजकूर तोच ठेवून त्याची भाषा सोपी केली, तर मुलांना तो अधिक समजतो, हे त्यातून दिसले. म्हणजे मुलाला विज्ञान कठीण जात नव्हते, पुस्तकातली मराठी कठीण जात होती.

आमचा अनुभव हेच सांगतो. पुस्तकात दोन शब्द येतात, परिवलन आणि परिभ्रमण. तीस वर्षे आम्ही पाहिले, मुले या दोन शब्दांची अदलाबदल करतात आणि गुण घालवतात. एके वर्षी आम्ही वर्गात भोवरा आणला. विचारले, "भोवरा काय करतो?" मुले म्हणाली, "जागेवर फिरतो." मग एका मुलीला कडुनिंबाभोवती चक्कर मारायला लावली. "ही काय करते?" "झाडाभोवती फिरते." आम्ही म्हटले, "आता भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत फिरत झाडाला चक्कर मार." सारा वर्ग हसला, मुलगी गरगरली, पण दिवस कशाने होतो आणि वर्ष कशाने होते हे त्या वर्गाला पुन्हा सांगावे लागले नाही. शब्द नंतर दिले. आधी अनुभव, मग शब्द, हा क्रम सांभाळला की पुस्तकही सोपे होते.

दुसरे नाव आपणा सर्वांना माहीत आहे, डॉ. जयंत नारळीकर. जन्म १९३८ साली कोल्हापुरात. केंब्रिजमध्ये जगभर कीर्ती मिळवून ते १९७२ मध्ये भारतात परतले. १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, तिचे ते संस्थापक संचालक. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे संशोधन आपल्यापैकी थोड्यांना कळेल, पण त्यांची एक सवय सर्वांना कळण्यासारखी आहे. मुले त्यांच्याकडे स्वाक्षरी मागायला येत. ते स्वाक्षरी देत नसत. ते म्हणत, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. खेड्यातल्या मुलाला मुंबई-पुण्याला जाता येत नव्हते, पण पोस्टकार्ड त्याला परवडत होते. सही हवी तर प्रश्न विचारावा लागेल, ही अट किती मोठी आहे पाहा! मोठ्या माणसाच्या पाया पडायला आम्ही मुलांना शिकवतो. मोठ्या माणसाला प्रश्न विचारायला शिकवीत नाही.

नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, 'आकाशाशी जडले नाते' सारखे पुस्तक लिहिले. आयुकाने शाळेतील मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्याने सुरू केली. उन्हाळ्याच्या सुटीत निवडक मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञाबरोबर काम करू दिले. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून तेथे मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' उभी राहिली. तेथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी आणि खेळण्यांतून विज्ञान शिकविले. सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, काड्यापेटीतील काड्या, जुनी वर्तमानपत्रे एवढ्यावर विज्ञान शिकवता येते, हे त्यांनी देशभरच्या शिक्षकांना दाखविले.

आणि त्या राशिचक्राचे काय? नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून एक चाचणी घेतली. २०० मुलांच्या जन्मवेळा जमविल्या. त्यांतील १०० मुले अभ्यासात हुशार, १०० मतिमंद. कुंडल्या ज्योतिषांना दिल्या व विचारले, कोणती कुंडली कोणत्या गटातली? २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. बरोबर आलेली उत्तरे सुमारे ४६ टक्के. नाणे उडवून सांगितले असते तरी निम्मी बरोबर आली असती. कोणाला शिव्या दिल्या नाहीत, कोणाच्या श्रद्धेची टिंगल केली नाही. फक्त तपासून पाहिले. विद्यार्थी मित्रहो, ही रीत शिका. वाद घालताना आवाज चढवण्यापेक्षा तपासून पाहू म्हणणे अधिक धैर्याचे असते. त्या चौघांपैकी डॉ. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी या धैर्याची किंमत प्राणाने द्यावी लागली, हे विसरू नका.

सरकारी पातळीवरही मोठे प्रयत्न झाले. १९७५-७६ मध्ये एका उपग्रहाच्या साह्याने देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचविले गेले. सकाळचे कार्यक्रम शाळेच्या मुलांसाठी असत. त्या प्रयोगाची धुरा वाहणारे डॉ. एकनाथ चिटणीस हेही कोल्हापूरचेच. अलीकडे, २०१९ पासून, इस्रो नववीतील मुलांसाठी 'युविका' हा कार्यक्रम घेते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, आणि तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून शाळाशाळांत साजरा होतो. पुणे जिल्हा परिषदेने आयुकाच्या मदतीने परीक्षा घेऊन २०२५ मध्ये आपल्या शाळांतील २५ मुलांची अमेरिकेतील नासा पाहण्यासाठी निवड केली. आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो' प्रकल्पाला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्याच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असणार आहेत. तेथे काम करणारे शास्त्रज्ञ आपल्या वस्तीतून का येऊ नयेत?

परंतु निवड झालेली २५ मुले म्हणजे शाळा नव्हे. मागे राहिलेल्या हजारो मुलांच्या वर्गात काय घडते, हा खरा प्रश्न आहे. म्हणून अजिंठ्याच्या शाळेत, एक रुपया खर्च न करता काय करता येईल, ते आता सांगतो. शिक्षक बंधुभगिनींनी हे लिहून घ्यावे.

पहिला पाठ काठीचा. अंगणात एक सरळ काठी उभी रोवावी. दर आठवड्याला, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सर्वांत आखूड सावली कोठे पडते तेथे खूण करावी. वर्षभर खुणा पाहिल्या की सूर्य उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे कसा सरकतो ते मुलाच्या डोळ्यांसमोर येते. आपल्या अजिंठ्याला साधारण २२-२३ मे रोजी आणि पुन्हा २०-२१ जुलैच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी काठीला क्षणभर सावलीच नसते. जुलैत ढग असतात, मे महिन्यात शाळेला सुटी असते, तरी मे मध्ये मुलांना तेवढ्यासाठी बोलवावे. दिल्लीच्या मुलाला हे दृश्य त्याच्या अंगणात कधीच दिसत नाही, तुम्हाला वर्षातून दोनदा दिसते.

दुसरा पाठ ज्वारीच्या दाण्याचा. पुस्तकात अंतरे लिहिलेली असतात, कोटी किलोमीटर, लाख किलोमीटर. शून्ये पाठ होतात, अंतर कळत नाही. पृथ्वी म्हणजे ज्वारीचा एक टपोरा दाणा, चार मिलिमीटरचा, असे समजा. मग चंद्र म्हणजे खसखशीचा दाणा, आणि तो ज्वारीच्या दाण्यापासून बारा सेंटीमीटरवर ठेवावा. सूर्य केवढा? सुमारे ४४ सेंटीमीटर, म्हणजे गवंड्याच्या घमेल्याएवढा. आणि ते घमेले दाण्यापासून सत्तेचाळीस मीटरवर, पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला. आता मुलांना विचारा, याच मापाने सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कोठे ठेवावा? मुले म्हणतील, गावाबाहेर. कोणी म्हणेल, सिल्लोडला. खरे उत्तर असे की दुसरे घमेले सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवर, जवळजवळ न्यूयॉर्कला ठेवावे लागेल. हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता होते ती आम्ही अनेकदा अनुभवली आहे.

तिसरा पाठ आपल्या वडीलधाऱ्यांचा. आपल्या आजी-आजोबांना आभाळ माहीत होते. सप्तर्षींना ते बाज म्हणत, आणि तिच्यामागचे तीन तारे म्हणजे बाज चोरून नेणारे तीन चोर. मृगातल्या तीन ताऱ्यांच्या ओळीला तिकांडे म्हणत. शेतकरी मृगाची वाट पाहतो. मुलांना विचारा, "जूनमध्ये मृग लागतो, तेव्हा रात्री मृगाचे तारे दिसतात का?" मुले रात्री शोधतील आणि सापडणार नाहीत. मग विचार सुरू होतो. तेव्हा सूर्यच त्या ताऱ्यांच्या बाजूला असतो, म्हणून ते दिवसा उगवतात आणि दिवसा मावळतात. तेच तारे डिसेंबर-जानेवारीत रात्रभर डोक्यावर असतात. नक्षत्र म्हणजे भविष्य नव्हे, सूर्याचा पत्ता आहे, हे त्या मुलाला मरेपर्यंत विसरता येणार नाही. आणि ही माहिती त्याच्या आजीकडून आली, म्हणून आजीचा मानही वाढतो.

चौथा पाठ आपल्या पायाखाली आहे. ज्या काळ्या खडकात ही लेणी कोरली तो बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चंद्रावर जे काळे डाग आपण पाहतो तोही बेसाल्टच. आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर म्हणजे याच दगडात आकाशातून आलेल्या पाषाणाने पाडलेला सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. चंद्रावरचे खड्डे समजून घेण्यासाठी जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानत. पुढे अधिक चांगल्या पद्धतीने मोजले तेव्हा ते पाच लाख सत्तर हजारांच्या जवळ निघाले. शास्त्रज्ञांनी आपलीच चूक दुरुस्त केली आणि तसे जाहीर केले. शाळेची सहल महाबळेश्वरला नेता, एकदा लोणारला न्या.

आता १९९५ ची गोष्ट. २४ ऑक्टोबर १९९५ रोजी पुन्हा सूर्यग्रहण आले. दिवाळीचे दिवस, शाळांना सुटी. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो. त्यापूर्वी एका शिबिरात विज्ञान कार्यकर्त्यांनी आम्हाला एक साधी युक्ती दाखविली होती. हातातला लहान आरसा घ्यावा, त्यावर कागद चिकटवावा, कागदाला हरभऱ्याएवढे छिद्र ठेवावे. सूर्याचा कवडसा दहा-बारा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडावा. सूर्याकडे पाहायचे नाही, आरशातही पाहायचे नाही, फक्त भिंतीकडे पाहायचे. आम्ही वस्तीतील मुलांना समाजमंदिराच्या ओट्यावर बोलावले. चाळीस येतील असे वाटले होते. अकरा आली. बाकीची दाराआड होती.

भिंतीवर पुरीएवढा सूर्य पडला आणि एका बाजूने त्याचा घास जाऊ लागला. मुले ओरडली. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी खाली जमिनीकडे बोट दाखवून म्हणाली, "गुरुजी, झाडाखाली बघा." कडुनिंबाच्या पानांतून पडणारे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते! शेकडो कोरी धुळीत पडल्या होत्या. तिने विचारले, "रोज हे गोल असतात, ते सूर्याचेच चित्र असते का?" आम्ही पदवीधर. रोज त्या झाडाखाली बसत होतो. हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

त्याच आरशाने आम्ही पुढे वर्गात सूर्य मोजला. भिंत अकरा मीटरवर, कवडसा दहा सेंटीमीटरचा. म्हणजे रुंदीच्या एकशे दहा पट अंतर. सूर्याचे अंतर पंधरा कोटी किलोमीटर, त्याला एकशे दहाने भागले तर सूर्याची रुंदी आली साडेतेरा लाख किलोमीटरच्या वर. पुस्तकात आहे तेरा लाख नव्वद हजार. जिल्हा परिषदेच्या शाळेत, आरसा आणि मोजपट्टीने! मुलांनी टाळ्या वाजविल्या त्या गुरुजींसाठी नव्हत्या, स्वतःसाठी होत्या.

ती मुलगी पुढे फार शिकू शकली नाही. दहावीनंतर तिचे लग्न झाले. १५ जानेवारी २०१० रोजी पुन्हा ग्रहण होते, तेव्हा ती गरोदर होती. घरच्यांनी तिला आत बसण्यास सांगितले. पुढे भेटली तेव्हा तिने आम्हाला सांगितले, "गुरुजी, मी भांडले नाही. सासूबाईंना म्हटलं, तुम्ही फक्त हा आरसा धरा. मी भिंतीकडे बघते." सासूबाईंनी आरसा धरला. थोड्या वेळाने त्यांनीच शेजारणीला हाक मारली. त्या मुलीला आज शास्त्रज्ञ म्हणून कोणी ओळखत नाही. पण १९८० साली भिंतीकडे तोंड करून निजलेली आमच्या शेजारची वहिनी आणि २०१० साली भिंतीवर सूर्य पाहणारी ही मुलगी, या दोघींमधील अंतर आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. शिक्षणाचे मोजमाप आम्ही त्या अंतरावरून करतो.

आता दुर्बिणीबद्दल. आम्ही एका शाळेत बदलून गेलो तेव्हा तेथे दुर्बीण होती. डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद होती. दुर्बीण मात्र कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. "मोडली तर भरून कोण देणार?" हे त्यांचे म्हणणे. त्यांचेही चुकत नव्हते, कारण ती कशी लावायची हे कोणालाच शिकविलेले नव्हते. भिंगाला बुरशी आली होती. म्हणून चिटणीसांना आमची विनंती आहे की दुर्बीण घ्या, जरूर घ्या, पण ती दुसरी घ्या. आधी तीन गोष्टी करा. जमलेल्या रकमेतून आधी परिसरातील प्रत्येक शाळेच्या दोन शिक्षकांना शिबिराला पाठवा. मुंबईचे होमी भाभा केंद्र आहे, पुण्याला आयुका आहे. १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि १९६६ पासूनची मराठी विज्ञान परिषद आहे. या सर्वांनी आजवर अनेकांना शिकविले आहे. दुसरे, अमावस्येच्या जवळच्या शनिवारी समाजमंदिराच्या गच्चीवर मुलामुलींना तारे ओळखायला बोलवा, आणि मुलींना घरी सुखरूप पोहोचविण्याची जबाबदारी संस्थेने घ्या. तिसरे, प्रश्नांची वही ठेवा. मुलांनी प्रश्न लिहावेत, ज्याचे उत्तर येथे मिळणार नाही ते पत्राने शास्त्रज्ञांना विचारावेत. एवढे वर्षभर झाले, की दुर्बीण आणा. मग ती कपाटात राहणार नाही, मुले तिला राहू देणार नाहीत.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय काढले आणि पुढे त्याला मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद हा राजा कशासाठी प्रसिद्ध आहे? त्याने भिक्खू नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारले म्हणून. विद्येच्या मंदिराला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिले, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

शेवटी एक तारीख सांगतो, ती लिहून ठेवा. २ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. पावसाळा आहे, ढग आड येतील, न येतील. पण तो शाळेचा दिवस आहे. त्या दिवशी या परिसरातील प्रत्येक शाळेच्या ओसरीत एक आरसा तयार असावा, आणि या वस्तीतील एकही दार भीतीने बंद नसावे, एवढी जबाबदारी संस्थेने आज उचलावी. १९९५ साली आमच्याकडे अकरा मुले आली होती. या वेळी किती येतात, ते मोजायला आम्ही स्वतः येऊ.